कडा करप्याच्या अलीकडे

भातावर पडणाऱ्या जिवाणूजन्य करप्याची भारतातली पहिली नोंद आपल्याच जिल्ह्याची आहे, हे पेण-रोह्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. १९५१ साली, रायगडला कुलाबा म्हणत त्या काळात, इथल्या खाचरांत हा रोग दिसला. त्याची ओळख पटून छापील नोंद व्हायला १९५९ उजाडले. एम. सी. श्रीनिवासन, एम. जे. तिरुमलाचार आणि एम. के. पटेल यांनी ती ‘करंट सायन्स’मध्ये केली. पटेल पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले. वनस्पतींच्या जिवाणूजन्य रोगांचा अभ्यास आपल्या देशात रुजवला तो प्रामुख्याने त्यांनी. तिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये संशोधन करत. जपानी शेतकऱ्यांना हा रोग १८८४ पासून माहीत होता. आपल्याकडे त्याचा धसका घेतला गेला तो १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात साथ आली तेव्हा, आणि त्या गडबडीत कुलाब्याची नोंद मागे पडली. तेव्हा भाताची संप्रेरके आणि जिवाणू यांच्या झगड्यावरचे हे मराठी पुस्तक पेण-रोह्याच्या शिवारातून लिहिले जावे, यात ओढूनताणून काही नाही. उशीर झाला, एवढेच.

रोग दिसतो कसा, ते आधी सांगायला हवे. श्रावणात पहाटे खाचराच्या बांधावर उभे राहिले, की भाताच्या पात्याच्या टोकाशी आणि कडेला पाण्याचे थेंब लटकलेले दिसतात. पुष्कळजण त्यांना दव समजतात. त्यातले बरेचसे दव नसते. मुळांनी रात्रभर ओढलेले पाणी पात्याच्या कडेच्या जलरंध्रांतून बाहेर येते, ते हे थेंब. उन्हे चढली की त्यातला काही भाग परत आत शोषला जातो, आणि ‘झँथोमोनास ओरायझी’ नावाचा जिवाणू त्याच्याबरोबर आत शिरतो. पर्णरंध्रे चटकन मिटतात, तशी ही रंध्रे मिटत नाहीत. आत गेलेला जिवाणू पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढतो, आणि मग पात्याच्या दोन्ही कडांनी नागमोडी, पिवळसर पट्टा खाली उतरू लागतो. पुढे तो पेंढ्याच्या रंगाचा होतो. कडा करपा हे नाव पडले ते यावरून.

खारेपाटात मात्र नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. पेणच्या खाडीकाठच्या शेतांत पावसाने ओढ दिली, की जमिनीतला क्षार वर येतो आणि त्यानेही पात्यांची टोके करपतात. लावणीनंतर लगेच रोप कोमेजून बसले तर शेतकरी ‘गाभा मर’ म्हणतो आणि खोडकिड्याचे औषध आणतो. पण कोवळ्या रोपात जिवाणू शिरला तरी रोप असेच बसते. खात्री करण्याचा उपाय फुकटचा आहे. करपलेल्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवर पाते कापायचे, तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरायचा आणि उजेडाकडे पाहायचे. जिवाणू असेल तर कापलेल्या कडेतून दुधट, धुरासारखी तार खाली सुटते. क्षाराने करपलेल्या पात्यातून काही येत नाही. तो पांढरा धागा पाहिलेला शेतकरी पुन्हा उगीच कीटकनाशकाची बाटली आणत नाही.

रोपाला हलताफिरता पहारा नसतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींसारखे धावून जाणारे त्याच्याकडे कोणी नाही. प्रत्येक पेशीला आपापल्या जागी बसूनच शत्रू ओळखावा लागतो, स्वतः लढावे लागते, जमले तर शेजारणीला सावध करावे लागते. हे घडते कसे, याचा शोध गेल्या शतकभरात दोन वेगळ्या वाटांनी झाला आणि त्या वाटा एकमेकींना मिळायला बराच वेळ लागला.

पहिली वाट पैदासकारांची. १९४०च्या दशकात अमेरिकेत एच. एच. फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना दाखवले, की रोपाच्या एकेका प्रतिकारक जनुकाला रोगजंतूच्या एकेका जनुकाचे उत्तर असते. या विचाराने भातपैदाशीला मोठे बळ मिळाले. आफ्रिकेतल्या एका रानटी भातातून आलेले ‘एक्सए २१’ हे जनुक १९९५ मध्ये वेगळे काढता आले. ते आणि आणखी दोन जनुके सांबा महसुरीत आणून हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि तिथल्याच सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्राच्या केंद्राने ‘इम्प्रूव्ह्ड सांबा महसुरी’ हा वाण तयार केला. २००८ साली तो शेतकऱ्यांकडे आला. त्याच सुमाराला पुसा बासमतीचेही तसेच झाले. ही कामगिरी लहान नव्हे. पण जिवाणू बदलतो. ज्या खुणेवरून जनुक त्याला ओळखते ती खूणच तो टाकून देतो. एका जनुकाच्या भरवशावर लावलेला वाण काही हंगामांनी उघडा पडतो, म्हणून तर एकावर एक तीन जनुके रचावी लागली.

दुसरी वाट संप्रेरकांची, आणि तिची सुरुवात भातातच झाली याचा मला नेहमी अचंबा वाटतो. १९२६ साली तैवानमध्ये एइची कुरोसावा भाताच्या एका विचित्र रोगावर काम करत होते. रोप भरमसाट उंच, फिकट, काटकुळे होई आणि दाणा न भरताच मरे. ते उंच करणारे द्रव्य रोगाच्या बुरशीतूनच येते, असे त्यांनी दाखवले. पुढे याबुता यांनी ते द्रव्य वेगळे काढून त्याला जिबरेलिन नाव दिले, आणि मग कळले की रोपे हेच द्रव्य स्वतःही बनवतात आणि त्याच्याच बळावर उंच होतात. म्हणजे एक संप्रेरक आपल्याला पहिल्यांदा भेटले ते रोगजंतूच्या हातातले हत्यार म्हणून. रोपाच्या आतल्या निरोपांची भाषा रोगजंतूलाही बोलता येते, हे पुस्तकाचे मध्यवर्ती सूत्र त्या पहिल्या शोधातच होते. ते ध्यानात यायला मात्र ऐंशी वर्षे गेली.

मधल्या काळात लक्ष तंबाखूवर होते. एका पानाला विषाणूची लागण झाली की त्याच रोपाची दुसरी पानेही काही दिवसांत प्रतिकारक्षम होतात, असे १९६१ मध्ये ए. एफ. रॉस यांनी दाखवले. १९७९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेडमध्ये आर. एफ. व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांना चक्क ॲस्पिरिन टोचले आणि विषाणूचे डाग कमी झाले. ॲस्पिरिन हे सॅलिसिलिक आम्लाचे भावंड. तेच आम्ल रोप स्वतः बनवते आणि धोक्याच्या वेळी त्याचे प्रमाण वाढते, हे १९९० मध्ये दोन गटांनी ‘सायन्स’च्या एकाच अंकात मांडले. तीन वर्षांनी पुरावा पक्का झाला. सॅलिसिलिक आम्ल मोडून टाकणारे जिवाणूचे जनुक तंबाखूत घातले, तर रोपाची ती सर्वांगाला पोचणारी प्रतिकारशक्तीच नाहीशी झाली. १९९०लाच फार्मर आणि रायन यांनी दुसरा धागा पकडला. जॅस्मोनेटच्या वाफेने टोमॅटोची पाने किडींविरुद्ध सज्ज होत होती.

यातून जो नकाशा तयार झाला तो आजही पाठ्यपुस्तकांत सापडतो. जिवंत पेशींतून रस शोषणाऱ्या रोगजंतूंविरुद्ध सॅलिसिलिक आम्ल, पेशी मारून खाणाऱ्या बुरशींविरुद्ध आणि किडींविरुद्ध जॅस्मोनिक आम्ल आणि इथिलीन, आणि या दोन बाजू एकमेकींना दाबून धरणाऱ्या. वाढीची संप्रेरके, म्हणजे ऑक्झिन, जिबरेलिन, ब्रासिनोस्टेरॉइड, यांना या नकाशात बराच काळ समासातच जागा होती.

या आपसातल्या दाबादाबीचा फायदा जिवाणू कसा घेतो, याचे सगळ्यात रंजक उदाहरण २००६ मध्ये मायेली मेलोट्टो आणि शेंग यांग ही यांच्या गटाने दिले. खारेपाटातल्या वाचकाला ते उघाडीच्या दाखल्याने लगेच कळेल. बाहेरकाठ्यातल्या, म्हणजे खाडीकडच्या बांधातल्या, उघाडीची झडप भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. तशी पानावरची पर्णरंध्रे जिवाणूची चाहूल लागताच तासाभरात मिटतात. पण ‘सुडोमोनास सिरिंजी’ हा जिवाणू कोरोनॅटिन नावाचे द्रव्य सोडतो, आणि ते हुबेहूब जॅस्मोनिक आम्लाचे सोंग घेते. रोपाला वाटते किडीचा हल्ला आहे. सॅलिसिलिक आम्लाची बाजू दबते आणि मिटलेली झडप तीनेक तासांत पुन्हा उघडते.

इथपर्यंतचे बहुतेक ज्ञान अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या इवल्याशा तणावर उभे आहे. प्रयोगशाळेत ते महिना-दीड महिन्यात फुलते, त्याचा जनुकसंच आटोपशीर आहे, म्हणून ते सगळ्यांचे लाडके. भाताकडे वळले की नकाशाच्या रेषा हलू लागतात. भाताच्या पानात रोग नसतानाच सॅलिसिलिक आम्ल भरपूर असते, तंबाखूच्या कितीतरी पट. त्यामुळे ‘आम्ल वाढले म्हणजे लढाई सुरू’ हा सोपा हिशेब भातात चालत नाही. जिवाणूजन्य करप्याविरुद्ध भातात जॅस्मोनिक आम्लही उपयोगी पडते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ते पडायला नको होते.

समासातली वाढीची संप्रेरके भातात थेट रणांगणात उतरतात. चीनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की कडा करप्याच्या लागणीने रोपातले ऑक्झिन वाढते. ऑक्झिन पेशीभित्तिका सैल करते, कारण पेशीला वाढायचे तर भिंत ताणली गेली पाहिजे. सैल भिंतीतून जिवाणूचेही फावते. जे जनुक मोकळ्या ऑक्झिनला अमिनो आम्लाशी बांधून निकामी करते ते जास्त चालवले, तर भात करप्याला दाद देत नाही, पण वाढही खुंटते. जिबरेलिनचे तसेच. ते मोडणारे जनुक जोरात चालवले की रोप ठेंगणे आणि चिवट, बंद पाडले की उंच आणि नाजूक.

युरियाचा हप्ता वाढवला की करपा वाढतो, हे इथल्या जुन्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. गर्द हिरवे, लुसलुशीत पीक करप्याला आधी बळी पडते, असे तो सांगतो. अशा पिकात वाढीची संप्रेरके काय करत असतील याची कल्पना वरच्या प्रयोगांवरून येते. ब्रिकेट वापरून खत बेताचे आणि मुळाशी देणारी चारसूत्री पद्धत कोकणात रुजली ती खत वाचवण्यासाठी. रोगाच्या अंगानेही तिच्याकडे पाहायला हवे, हे लेखकांचे म्हणणे मला पटते.

मग येते ॲब्सिसिक आम्ल. माझ्या मते या पुस्तकाचा सगळ्यात मोलाचा भाग त्याच्यापाशी आहे. रोप तहानलेले असले किंवा मुळाशी क्षार आला, की ॲब्सिसिक आम्ल वाढते आणि पर्णरंध्रे मिटवून पाणी राखते. जिवाणू दाराशी असेल तर हे मिटणे उपयोगाचेच. पण जिवाणू आत शिरलेला असेल तर? बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये भातावरच दाखवले, की आत ॲब्सिसिक आम्ल सॅलिसिलिक आम्लाची बाजू दाबते आणि कडा करपा बळावतो. एकच संप्रेरक दारात राखण करते आणि घरात घात करते. कडा करप्याचा जिवाणू तर पर्णरंध्रांच्या वाटेला फारसा जातच नाही, जलरंध्रांतून आणि जखमांतून येतो. म्हणजे राखणीचा फायदा त्याच्यापुरता जवळजवळ शून्य, घात मात्र पुरा.

पेणचा खारेपाट हा प्रश्न रोज जगतो. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढचे हंगाम रोप क्षाराशी झुंजत राहते. काळा राता, भुरा राता हे इथले जुने वाण आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, २, ३ हे नंतरचे, हे सगळे क्षार सोसण्यासाठी निवडले गेले. क्षार सोसणारा वाण तो ॲब्सिसिक आम्ल वाढवून सोसतो, की क्षार मुळातच बाहेर ठेवून सोसतो, यावर त्याची करप्यासमोरची स्थिती ठरायला हवी. पनवेल आणि कर्जत या दोन केंद्रांनी दोन वेगळ्या गरजांसाठी केलेली पैदास एका प्रश्नात गुंफण्याची ही दृष्टी मराठीत मी प्रथमच पाहतो आहे. कर्जतचे भात संशोधन केंद्र शंभर वर्षांहून जुने, तेही याच जिल्ह्यात. माणसे आणि जमीन दोन्ही हाताशी आहेत.

रोह्याची गोष्ट वेगळी. कुंडलिकेच्या कालव्यांवर उन्हाळी भात होते, तिथे क्षाराची धास्ती नाही. पण वर्षातून दोनदा भात म्हणजे जिवाणूला बिनभाड्याचे घर. धसकटांत, खोडव्यात, बांधावरच्या गवतात आणि कालव्याच्या पाण्यात तो पुढच्या लावणीची वाट पाहतो. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडण्याची सवय असेल तर ती मोडावी, ही शिफारस जुनीच आहे. प्रत्येक खुडलेले टोक ही उघडी जखम. एकाच जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत एकाच रोगाचा कारभार इतका वेगळा असतो, हे डोळ्यांसमोर ठेवून पुस्तक लिहिले गेले, म्हणून ते निव्वळ अनुवादित पाठ्यपुस्तक झाले नाही.

आजच हा विषय का, याचे एक कारण दुकानात दिसते. करप्यावर वर्षानुवर्षे सांगितले गेलेले औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचे मिश्रण. ज्या पिंपरीच्या कारखान्यातल्या संशोधकांनी रोगाची नोंद केली, त्याच कारखान्याने ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ घराघरांत पोचवले. माणसांवर चालणारी प्रतिजैविके शेतात ओतली तर औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढतात, म्हणून त्यांचा शेतीतला वापर थांबवण्याची पावले केंद्र सरकारने २०२१च्या अखेरीस उचलली. ती योग्यच आहेत. पण मग शेतकऱ्याच्या हाती काय? जपानमध्ये १९७०च्या दशकापासून प्रोबेनाझोल वापरतात. ते जंतूला मारण्यापेक्षा रोपाचीच सॅलिसिलिक आम्लाची बाजू जागी करते. आपल्याकडे बियाण्याला आणि रोपांच्या मुळांना ‘सुडोमोनास फ्लुरोसन्स’ची भुकटी लावतात. मुळांशी राहणारे असे उपकारक जिवाणू पानांना सावध करतात, आणि तेही जॅस्मोनिक आम्ल व इथिलीनच्या वाटेने, हे हॉलंडमध्ये उत्रेख्तच्या कॉर्ने पीतर्स यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसवर उलगडले. शत्रू सुडोमोनास आणि मित्र सुडोमोनास एकाच वाटेवर उलट कामे करतात. पुस्तकातला तो भाग सावकाश वाचावा.

त्याच दुकानात ‘टॉनिक’ म्हणून जिबरेलिन आणि ऑक्झिनच्या बाटल्याही असतात. पीक टरारून यावे म्हणून फवारतात. करप्याच्या दिवसांत असे टॉनिक फवारणे म्हणजे रोपाची भिंत आपल्याच हाताने सैल करणे ठरू शकते. लेखकांनी हे सौम्य शब्दांत म्हटले आहे. मी असतो तर जरा चढ्या आवाजात म्हटले असते.

दुसरे कारण उष्म्याचे. २८ अंशांवर अरॅबिडॉप्सिसची सॅलिसिलिक आम्ल बनवण्याची यंत्रणा ढेपाळते आणि एकच जनुक जागे ठेवले तर ती सावरते, असे शेंग यांग ही यांच्याच गटाने २०२२ मध्ये दाखवले. भात हे उष्ण प्रदेशाचे पीक. २८ अंश म्हणजे त्याला रोजचे हवामान, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. भातात ‘एक्सए ७’ हे जनुक तर उष्म्यात उलट जास्त चांगले काम करते. वर्तमानपत्रांतल्या ‘तापमानवाढीने पिकांची प्रतिकारशक्ती संपणार’ छापाच्या मथळ्यांना हे पुस्तक भुलत नाही, याचे मला समाधान आहे.

तिसरे कारण शास्त्राच्या बाहेरचे. २००८च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी ‘सेझ’साठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची का, यावर मत दिले. भाताची जमीन राखायची तर ती पिकली पाहिजे, आणि खर्च परवडला पाहिजे. वाचलेली एकेक फवारणी त्या हिशेबात जमा होते.

प्रतिकार रोपाला फुकट मिळत नाही, हे या क्षेत्रातल्या सगळ्या पंथांना आता मान्य आहे. लढण्यात गेलेली साखर दाण्यात भरत नाही. सॅलिसिलिक आम्लाचा निरोप पुढे नेणारे ‘एनपीआर १’ हे प्रथिन भातात सतत चालू ठेवले तर रोप करप्याला पुरून उरते, पण खुरटते. २०१७ मध्ये शिनियान डाँग यांच्या गटाने ते फक्त हल्ल्याच्या वेळीच तयार होईल अशी युक्ती केली, आणि शेतातल्या चाचणीतही वाढ घटली नाही. मतभेद आहे तो पुढच्या पावलावर. काहींच्या मते अशी जनुकीय किल्ली हाच मार्ग. काहींच्या मते वाण, पाणी आणि खत यांच्या मेळातूनच संप्रेरकांचा तोल साधावा. लेखक दुसऱ्या बाजूला झुकतात. मी पूर्णपणे तिकडे नाही. खारेपाटात क्षार आणि करपा एकदम आले तर नुसत्या व्यवस्थापनाने निभेल, असे मला वाटत नाही. पण वाचकाने दोन्ही बाजू ऐकाव्यात एवढी मोकळी जागा त्यांनी ठेवली आहे.

बुरशीचा करपा, तुडतुडे आणि विषाणू यांना इथे मुद्दाम बाजूला ठेवले आहे. विषय एका जिवाणूवर रोखलेला आहे, आणि तसा तो रोखल्यामुळेच खोल जातो. रसायनांची नावे पाहून बिचकणाऱ्या वाचकाने आधी शेताचे भाग वाचावेत आणि मग मागे यावे. लेखकांनी शेवटी एक नोंदतक्ता जोडला आहे. त्यात वाण, लावणीची तारीख, युरियाचे हप्ते, खाचरातल्या पाण्याचा खारेपणा, पहिला डाग दिसल्याचा दिवस आणि ग्लासातल्या पाण्यात तार सुटली की नाही, एवढेच रकाने आहेत. पेण आणि रोह्याच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी तो एका खरिपात जरी भरून काढला, तरी खारेपाटाचे प्रकरण दुसऱ्या आवृत्तीसाठी नव्याने लिहावे लागेल. लेखकांची त्याला तयारी आहे, असे त्यांनी मला सांगितले आहे.